लेंडीतलं जंगल

आगीनंतर एकोणचाळिसाव्या दिवशी
मर्ना ट्रेगीअरचा फोन आला.
"ये. आमच्याकडं कोणीतरी खणतंय."

आमच्याकडं म्हणजे
एक धुराडं, पाण्याची वितळलेली टाकी,
आणि काउन्सिलनं दिलेली कॅरव्हॅन,
जिचं दार दोरीनं बांधावं लागतं.
बाकी ईस्ट गिप्सलँड ओढ्यापर्यंत काळं,
निलगिरीचे उभेच्या उभे कोळसे,
आणि राखेत
वर रुंद, खाली निमुळते खड्डे,
कुणी नरसाळं टेकवून काढल्यासारखे.

ससे, मर्ना म्हणाली.
विमावाले, म्हणाला तिचा दीर लॅक्लन.
मी गुडघ्यांवर बसले.

चार दातांच्या काट्यानं राख ओढली.
राखेखाली पाचोळा, पाचोळ्याखाली ओल
(तिथवर आगीचा हात पोचला नव्हता),
ओलीत मुळांचे केस,
केसांत गुंतलेलं ते:
सुपारीएवढं, मळकट, एका बाजूनं चेपलेलं.
छत्री नाही, देठ नाही, उजेडाची हौस नाही.
अळंबीच्या कुळातलं,
पण उंबरा न ओलांडलेलं.

"ट्रफल!"
मर्नानं टीव्हीवर पाहिलं होतं,
एका किलोत किती पत्रे बसतील छपराला
तिचा हिशोब सुरूही झाला.
ट्रफलसारखं, मी म्हटलं. ट्रफल नव्हे.
पुस्तकात याला खोटं ट्रफल म्हणतात.

"खोटं."
तिनं ते तळहातावर तोललं.
"आणि खरं कोण ठरवतं? गिऱ्हाईक?"

मी पातं काढून ते उभं चिरलं.
आत स्पंज, भोकाभोकांचा, फिकट तपकिरी.
वास: पेट्रोल, कच्चा कांदा,
आणि शाळेतल्या डिंकाची बाटली
उन्हात राहिली तर येतो तो.
लॅक्लन दोन पावलं मागे सरला.
मर्ना नाही. तिनं पुन्हा हुंगलं.

मग तिला सांगितलं ते एवढंच:
हे मुळाला पाणी आणून देतं,
मूळ याला साखर देतं,
उसनवारी चालते, वही नसते.
खड्डा बुजवला, पाचोळा परत पांघरला.
आमच्या धंद्यात शिष्टाचार एवढाच.

रात्री कॅमेऱ्यात तो आला.
पोटोरू.
आईबापांनी नावातच पोट घातलेला,
कांगारूचा चुलत, आकारानं ससा,
नाक जमिनीला टेकवून
हिशोबनीस आकडा शोधतो तसा.
दोन्ही हातांनी उकरलं, बसला, खाल्लं,
पुढच्या झाडाकडं गेला.
झाड म्हणजे काळा खांब.

सकाळी मी लेंड्या वेचल्या.
पाकिटं, तारखा, पेन्सिलीनं.
शेडमध्ये काचेखाली एकेक कुस्करली,
आणि त्यात बीजाणू,
काटेरी, जाळीदार, काही साबणासारखे गुळगुळीत,
आतड्याची वाट तुडवून आलेले, न पचता.
अकरा जातींचे.
बारावीला कुठल्याच यादीत नाव सापडेना.
मी 'मर्ना एक' लिहून ठेवलं.

गोष्ट पोटात ठेवावी, असं म्हणतात.
याला ते जमत नाही.
रात्रभर चालत
तो जंगल मागे टाकत जातो, चिमटीचिमटीनं,
आणि राखेत कुठं एखादं निलगिरीचं रोप
दोन पानांवर उभं असेल
तर त्याच्या पायाशीही.

मर्नाला हे सांगायला गेले
तेव्हा ती कॅरव्हॅनच्या दाराची दोरी सोडत होती.
ऐकून घेतलं. काही बोलली नाही.
फक्त, "एक का? दोन पण आहे का?"

मंगळवारी बुलडोझर आला,
मेलेली झाडं पाडून जागा साफ करायला.
कागदावर सही तिचीच होती,
पंधरवड्यापूर्वीची.

ती घडीची खुर्ची घेऊन
खड्ड्यांच्या मधोमध जाऊन बसली,
मांडीवर चहाचा थर्मास.
"इथं काम चालू आहे," म्हणाली.

ड्रायव्हरनं चहूकडं पाहिलं.
राख. खांब. एक म्हातारी.
"कुणाचं?" इंजिन बंद न करताच.

तिनं झाकणात चहा ओतला,
पहिला घोट घेतला.

"रात्रपाळी असते त्यांची."